खालच्या रानातल्या सहा जोड्या

विनी बर्केट आमच्या शाळेत स्वयंपाकाला होती. गावातल्या दोन पिढ्यांनी तिच्या हातचा बटाट्याचा रस्सा खाल्ला, पण तिचं नाव निघालं की लोकांना रस्सा आठवत नाही. आठवतं ते तिचं पाखरं मोजणं.

हे तिच्या डोक्यात आधी कधीच नव्हतं. आमच्या खोऱ्यात एक निसर्ग मंडळ आहे. त्यांनी नकाशावर रेघा आखून एकेक रेघ एकेका माणसाला वाटून दिलेली. वर्षातून दोनदा, एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या शेवटी, भल्या पहाटे आपल्या रेघेवरून दीड तास चालायचं. दिसेल ते, ऐकू येईल ते पाखरू किंवा जनावर वहीत टिपायचं. मग जुलैत तक्ता भरून मंडळाकडे पाठवायचा. आमच्या स्केलगिल गावाची रेघ शाळेच्या हेडमास्तरांकडे होती. एकोणऐंशी साली त्यांची बदली झाली आणि रेघ घ्यायला कोणी पुढं येईना. शाळेत पहाटे पाचला उठणारी एकटी विनीच, म्हणून त्यांनी तिला गळ घातली.

"मला चिमणी आणि कावळा सोडून काही ओळखता येत नाही," ती म्हणाली.

"मग दोन झालेच की," हेडमास्तर म्हणाले. "राहिले फक्त शंभर."

जाण्याआधी सबंध वसंतभर ते तिला घेऊन हिंडले. रेघ चर्चच्या फाटकापासून सुरू होते. घरांच्या परसांमागून, ओढ्याच्या कडेनं, मग आयझॅक डार्गच्या खालच्या रानातून जुन्या रेल्वेच्या पुलापर्यंत. विनीनं पाखरं आधी कानानं शिकली. स्वयंपाकघरात रेडिओ सतत चालू असायचा, त्यामुळे कुठलीही चाल एकदा ऐकली की तिच्या डोक्यात पक्की बसायची. ओढ्यावरचा खंड्या, दगडांच्या गडग्यावर शेपटी नाचवणारा धोबी, वर आभाळात टिंब झालेला चंडोल, हे सगळे तिला दिसण्याआधी ऐकू यायचे. तीन-चार वर्षांत तिची अशी ख्याती झाली की बागेत अनोळखी काही उतरलं की लोक शाळेत फोन करायचे आणि ती हातातला डाव टाकून जायची.

एका जानेवारीत जेवणाच्या ऐन वेळी शाळेच्या आवारातल्या लाल फळांच्या झाडावर उत्तरेकडून आलेला वॅक्सविंग पाखरांचा थवा उतरला. डोक्यावर तुरा, पंखांवर लाखेचे ठिपके ठेवल्यासारखी लाल टोकं. विनीनं साठ पोरांना ताटांसकट बाहेर काढलं. आत कस्टर्ड करपलं. नवीन हेडमास्तरीणबाई रागावल्या, तेव्हा ती म्हणाली, कस्टर्ड उद्याही आहे.

मोजण्यात मात्र ती फार कडक होती. मी गावचं पोस्ट आणि त्याला लागून असलेलं दुकान चालवत होते. एकदा कुत्र्याला फिरवताना मला ओढ्यात पाणमांजर दिसलं. दोन पिल्लं होती पाठीमागे. मी धावत जाऊन तिला सांगितलं आणि म्हटलं, तुझ्या तक्त्यात घाल. तिनं मान हलवली. तू पाहिलंस, मी नाही, म्हणाली. वर, तो दिवसही मोजणीचा नव्हता. मी जरा नाराजच झाले. पुढं पंधरा दिवस ती रोज पहाटे ओढ्यावर जाऊन बसली, पण मोजणीच्या दिवशी काही ते दिसलं नाही, आणि तक्त्यात त्या वर्षी पाणमांजर नाही.

तिचा नवरा लेन रेल्वेत होता. अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये तो गेला. दफनाला नऊ दिवस झाले आणि दहाव्या पहाटे ती दुर्बीण गळ्यात घालून चर्चच्या फाटकातून निघाली. गाव काय ते बोललं. मला ती म्हणाली, "घरी बसून रडलेच असते ना. तिथं निदान मोजता आलं."

तिची रेघ ज्याच्या रानातून जायची तो आयझॅक डार्ग लहानपणी शाळेत तिच्याच वर्गातला. उंच, हाडापेरानं मोठा, बोलायला कंजूष. गुरं होती, मेंढ्या होत्या, आणि ओढ्याच्या अंगाला ते खालचं रान. रानाच्या मध्यभागी एक खोलगट भाग होता, तिथं वसंतात पाणी साचून चिखल व्हायचा. दर वर्षी त्याच्या भोवती तुरेवाल्या टिटव्या अंडी घालायच्या. घरटं असं नाहीच, नुसता जमिनीत उकरलेला खळगा. माणूस जवळ गेलं की डोक्यावर गिरक्या घेत ओरडून ओरडून जीव नकोसा करायच्या. आयझॅकला पाखरांशी देणंघेणं नव्हतं. विनी त्याच्या गोठ्यावरून गेली की तो विचारायचा, किती निघाली गं, आणि ती आकडा सांगायची, आणि तो म्हणायचा, त्यातलं एक तरी दूध देतं का? हे संभाषण बावीस वर्षं जसंच्या तसं चाललं. खालच्या रानातल्या टिटव्या पाच जोड्यांखाली कधी आल्या नाहीत. दोन हजार साली सात जोड्या होत्या.

मग दोन हजार एक उजाडलं आणि गुरांना लाळ्या-खुरकुताचा रोग आला.

आमच्या भागात त्या वसंताबद्दल अजून कोणी फारसं बोलत नाही. रस्त्यांवर औषधात भिजवलेला पेंढा, रानांच्या फाटकांवर लाल अक्षरांतल्या पाट्या, आणि पायवाटा बंद. आयझॅकच्या एकाही जनावराला रोग झाला नव्हता. पण ओढ्यापलीकडच्या गोठ्यात झाला होता, आणि शेजारचीही मारायची असा नियम. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका दिवसात त्याची सगळी गुरं आणि मेंढ्या मारल्या. त्यासाठी आलेले ट्रक खालच्या रानातच उभे केले होते. तो आणि त्याची बायको थेल्मा स्वयंपाकघरात पडदे ओढून बसले होते, असं थेल्मानं मला खूप नंतर सांगितलं.

मंडळाचे चिटणीस मिस्टर लँगस्टाफ यांनी सगळ्यांना पत्र पाठवलं की रानात कोणीही पाऊल टाकू नये, ज्यांना मोजता येणार नाही त्यांनी तक्ता कोरा ठेवावा. विनीनं पाऊल टाकलं नाही. एप्रिल गेला, मे गेला. ती परसात बसून लाकडी घरटी-पेट्यांतली टिट नावाची छोटी पाखरं बघायची आणि उठून आत जायची. जुलैत तिनं नेहमीसारखं पाकीट माझ्या काउंटरवर ठेवलं.

मी ते तराजूवर ठेवलं. वजन दर वर्षीइतकंच. तक्ता भरलाय, ती आपणहून म्हणाली.

मी विचारलं, यंदा कशी काय मोजलीस? ती म्हणाली, रस्त्यावरून, दुर्बिणीनं. रस्ता चालू होता हे खरं. पण मी रोज कुत्रा घेऊन त्याच रस्त्यानं जात होते. रस्ता आणि खालचं रान यांच्या मध्ये छातीइतका गडगा आहे, आणि वळणावर आयझॅकचं कोठार आडवं येतं. तिथून तो खोलगट भाग दिसत नाही. हे मला माहीत होतं. मी तिकीट लावलं, शिक्का मारला आणि पाकीट पिशवीत टाकलं.

खोऱ्यातल्या एकोणीस रेघांपैकी त्या वर्षी एकच तक्ता भरून आला. लँगस्टाफनी तिला आभाराचं खास पत्र लिहिलं. खालच्या रानात टिटव्यांच्या सहा जोड्या, रस्त्यावरून मोजलेल्या, असं त्या तक्त्यात होतं.

त्या शरद ऋतूत आयझॅकनं खालच्या रानातला खोलगट भाग जेसीबी लावून बुजवला. रान रिकामं होतं, जनावरं नव्हती, असं काम काढायला पुन्हा सवड मिळाली नसती. पुढच्या वसंतात पायवाटा उघडल्या, विनी आपल्या रेघेवरून गेली, आणि खालच्या रानात तिला एकही टिटवी दिसली नाही. मेच्या शेवटी पुन्हा गेली. तेव्हाही नाही. तिनं शून्य लिहिलं. ते शून्य खरं होतं.

दोन हजार दोनच्या सप्टेंबरात मंडळाचं वार्षिक पुस्तक आलं. तिसऱ्या पानावरच लँगस्टाफनी लिहिलं होतं की शेतकऱ्यानं पाणथळ जागा बुजवल्यामुळे खोऱ्यातली टिटव्यांची एक जुनी वसाहत एका वर्षात नाहीशी झाली. आदल्या वर्षी सहा जोड्या, यंदा शून्य. आयझॅकचं नाव नव्हतं, पण रानाचं होतं. साप्ताहिकानं ते उचललं आणि फोटोसकट छापलं. मग कोणीतरी त्याच्या फाटकावर पांढऱ्या रंगानं लिहून गेलं: टिटव्या कुठं आहेत? गावच्या प्रदर्शनाच्या कमिटीवर तो वीस वर्षं होता. तिथून एक गोड भाषेतलं पत्र आलं की यंदा आपण विश्रांती घ्यावी. पबमध्ये त्याला कोणी काही म्हणालं नाही; तो आत आला की बोलणं थांबायचं, इतकंच.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी तो पेपर घ्यायला दुकानात आला. माझं तोंड गप्प बसत नाही. मी म्हटलं, आयझॅक, चार दिवसांत विसरतील सगळे.

त्यानं पेपर घडी करून खिशात घातला. जायला वळला, आणि थांबला.

"विसरोत नाहीतर न विसरोत. पण ते छापलंय ते खोटं आहे, ग्रेटा. जनावरं गेल्यावर मी रोज सकाळी त्या फाटकावर जाऊन उभा राहायचो. एप्रिल, मे, अख्खा. करायला दुसरं होतं काय? चाळीस वर्षं त्या टिटव्यांच्या कटकटीनं डोकं उठायचं माझं. त्या वर्षी वाटायचं, एखादी तरी ओरडू दे. एक नव्हती तिथं."

पावाच्या मांडणीपाशी विनी उभी होती. त्याला ती तेव्हा दिसली. मला वाटलं, आता काहीतरी लागट बोलेल. तो म्हणाला, "तुझ्यावर माझा राग नाही, विनी. रस्त्यापासून लांब आहे ते. चूक होते माणसाची."

तो गेला. विनीनं हातातला पाव परत मांडणीत ठेवला आणि काही न घेता निघून गेली.

त्यानंतर अकरा दिवस ती दुकानाकडे फिरकली नाही. बुधवारी माझं दुकान अर्धा दिवस असतं. कुलूप लावत होते तर मागच्या दारानं आली आणि कोट न काढता खुर्चीत बसली.

"ते पाकीट तू घेतलं होतंस," ती म्हणाली. "तुला कळलं होतं?"

"शंका आली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू होतीस म्हणून. दुसरं कोणी असतं तर विचारलं असतं."

तिनं मान हलवली. मग सगळं सांगितलं. तक्ता जेवणाच्या टेबलावर दोन महिने पडला होता. बावीस वर्षांत एक रकाना रिकामा गेला नव्हता. लेन गेला त्या वर्षीही नाही. एका संध्याकाळी तिनं आदल्या वर्षीचा तक्ता शेजारी ठेवला आणि आकडे थोडे खालीवर करून उतरवून काढले. चिमण्या दोन कमी, चंडोल एक जास्त. टिटव्या सातच्या सहा केल्या, म्हणजे खरं वाटेल. अर्धा तासही लागला नाही. तेव्हा काही वाटलं नाही, उलट टेबल मोकळं झाल्यासारखं वाटलं, असं ती म्हणाली. कोणाचं वाईट होईल हे मनात आलं नव्हतं. पाखरांच्या आकड्यानं कोणाचं काय बिघडणार!

मी म्हटलं, लँगस्टाफला पत्र लिही, मी पाठवते. ती म्हणाली, आधी आयझॅककडे जाते.

तो घरामागे पडलेला गडगा रचत होता. हे मला पुढं दोघांनीही सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जुळतं. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो दगड लावत राहिला. तीन दगड बसवून झाल्यावर त्यानं विचारलं, का?

"कोरं पान ठेववेना," ती म्हणाली.

"माझा गोठा कोरा होता, विनी. मी काय त्यात खोटी गाय बांधली?"

तो पुन्हा दगड शोधायला लागला. ती जायला निघाली तेव्हा पाठमोराच म्हणाला, मला सांगून काय उपयोग, जिथं लिहिलंस तिथं सांग.

नोव्हेंबरात गावच्या हॉलमध्ये मंडळाची सभा होती. चाळीसेक माणसं, चहा, लोणी-जॅम लावलेले स्कोन, आणि लँगस्टाफ पडद्यावर पाखरांची चित्रं दाखवणार होते. ते सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, अतिशय टापटिपीचे गृहस्थ. दिवे घालवायच्या आधी विनी उठली आणि पुढं जाऊन उभी राहिली. तिनं सांगितलं की दोन हजार एकचा तिचा तक्ता बनावट आहे. ती त्या वर्षी रानात गेली नाही आणि रस्त्यावरूनही तिनं काही मोजलं नाही. टिटव्यांचा आकडा मनचा आहे. आयझॅक डार्ग म्हणतो की त्या वसंतात तिथं टिटव्या नव्हत्या, आणि तो रोज तिथं होता, तेव्हा त्याचं खरं धरावं.

लँगस्टाफ लालबुंद झाले. ते म्हणाले, "मिसेस बर्केट, याबद्दल आपण नंतर निवांत बोलू."

"नंतर नको," विनी म्हणाली. "छापलंत ते सगळ्यांसाठी छापलंत."

मग त्यांनी विचारलं ते विचारायलाच हवं होतं. त्यांचा आवाज चढला नाही, पण मला ते ऐकवेना. त्यांनी विचारलं, मग बाकीच्या वर्षांचं काय? ती आम्ही कशी खरी मानायची?

विनी आपल्या जागेवर गेली. खुर्चीखाली बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता, तो आणून तिनं त्यांच्या टेबलावर ठेवला. आत तिच्या खिशातल्या वह्या होत्या, दर वर्षाची एक. रेघेवर चालताना ती पेन्सिलीनं टिपायची त्या. काहींवर पावसाचे डाग, काहींची पानं चिकटलेली. दोन हजार एकची वही त्यात नव्हती, कारण ती कधी नव्हतीच. तुम्हीच ताडून बघा, म्हणाली, आणि कोट घालून घरी गेली. त्या दिवशी चित्रं दाखवली गेली नाहीत.

लँगस्टाफनी तीन महिने घेतले. एकेक पान तक्त्याशी ताडून पाहिलं. फेब्रुवारीत ते स्वतः गाडी चालवत डबा परत द्यायला आले. शहाऐंशी सालच्या बेरजेत एक चूक सापडली होती, चार चिमण्यांची. बाकी सगळं जुळलं. दोन हजार एकचा तक्ता रद्द करून त्या जागी कोरी ओळ ठेवली, बाकीची वर्षं राहू दिली. पुढच्या पुस्तकात त्यांनी आयझॅकची माफी मागितली. ती एकोणतिसाव्या पानावर होती, वर्गणीदारांच्या यादीच्या वर. आयझॅकनं दुकानात उभं राहून ती वाचली आणि म्हणाला, चोर म्हणायला पान तीन, चुकलो म्हणायला पान एकोणतीस. साप्ताहिकानं काहीच छापलं नाही. फाटकावरचा रंग थेल्मानं घासून काढला, तरी अक्षरं पुसट दिसतच राहिली, म्हणून त्यांनी फाटकच बदललं.

विनीनं रेघ सोडायचं ठरवलं होतं. लँगस्टाफ नको म्हणाले. तिनं अट घातली की माझ्याबरोबर दुसरं माणूस पाहिजे, मी एकटीनं भरलेला तक्ता मीच मानणार नाही. त्यांनी माणूस शोधायचा प्रयत्न केला. पहाटे पाचला स्केलगिलला यायला कोणी तयार होईना. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ती एकटीच निघाली, तर चर्चच्या फाटकापाशी काठी घेऊन आयझॅक उभा.

"इथं काय करतोस?" तिनं विचारलं.

"मोजायला आलोय. तुझा काय भरवसा?"

तो चेष्टा करत नव्हता. पहिली दोन वर्षं तर अजिबात नाही. सबंध दीड तासात तो तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही, फक्त तिनं वहीत काही लिहिलं की वाकून बघायचा आणि विचारायचा, कुठं आहे, दाखव. दाखवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचा नाही. ट्रॅक्टरनं त्याचे कान गेले होते, पण नजर घारीची होती. विनीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, कान शाबूत होते. ती म्हणायची, त्या झाडीत रेन आहे. तो म्हणायचा, मला ऐकू येत नाही. मग दोघं झाडीपाशी उभी, ते करंगळीएवढं रेन पाखरू त्याला दिसेपर्यंत. दीड तासाची रेघ अडीच तासांवर गेली. तक्त्याच्या खाली दोघांच्या सह्या असायच्या.

टिटव्या का गेल्या ते आयझॅकनंच शोधलं, म्हणजे त्याला जे वाटलं ते सांगितलं. तिसऱ्या की चौथ्या वर्षी खालच्या रानाच्या फाटकावर थांबून तो एकदम बोलायला लागला. टिटवीला आखूड गवत लागतं, पिल्लांना धावता आलं पाहिजे. दर वर्षी मेंढ्या गवत खाऊन ते बोटभर ठेवायच्या. त्या वर्षी मेंढ्या नव्हत्या, मेपर्यंत गवत गुडघ्याला लागलं. त्याआधी ते ट्रक. "तो खोलगट भाग मी बुजवला तो नंतर," तो म्हणाला. "पण बुजवला नसता तर पुढच्या वर्षी आल्या असत्या का, ते मला माहीत नाही. ते तुलाही माहीत नाही."

विनीनं ते सगळं लँगस्टाफना लिहून कळवलं, त्याच्या नावानं. ती मला म्हणाली की मी पान कोरं ठेवलं असतं, तर कोणीतरी आयझॅकला तेव्हाच विचारलं असतं. तिला त्याचंच जास्त लागलं होतं.

दोन हजार नऊच्या मेमध्ये पुलाजवळ पोचल्यावर आयझॅकनं तिचा दंड धरला. पलीकडच्या रानात, रेघेच्या दीडशे-दोनशे पावलं बाहेर, टिटव्यांची एक जोडी बसलेली. विनीनं दुर्बिणीतून खूप वेळ पाहिलं. मग वही खिशात घातली.

"लिही की," तो म्हणाला.

"रेघेच्या बाहेर आहेत."

"मी पाहतोय ना. मी सही करतो."

"बाहेर आहेत, आयझॅक."

तो चिडला. सबंध वाट तिला ऐकवत आला, की नव्हत्या तेव्हा सहा लिहिल्यास आणि आहेत तर लिहीत नाहीस, काय म्हणावं तुला. दुकानाच्या दारात मला हाक मारून त्यानं हीच तक्रार परत केली. पण तक्त्यात त्या वर्षीही टिटवीपुढं शून्यच आहे आणि खाली त्याची सही आहे. त्या जोडीनं पिल्लं काढली की नाही ते कळलं नाही. पुढच्या वर्षी ती दिसली नाही.

अकरा वर्षं ती दोघं बरोबर चालली. मैत्री होती का, ते मला सांगता येणार नाही. आयझॅकनं तिला कधी घरात चहाला बोलावलं नाही, आणि तिनं कधी त्याची वाट पाहिली नाही. चारचौघांत कोणी काही छातीठोकपणे सांगायला लागलं की तो तिच्याकडे बघून म्हणायचा, रस्त्यावरून, दुर्बिणीनं का? आणि ती हो म्हणायची. दोन हजार तेराच्या हिवाळ्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि रानातलं चालणं संपलं. रेघ मंडळानं कर्स्टी नावाच्या मुलीला दिली. ती जनावरांच्या डॉक्टरकडे काम करते. पहिल्या वर्षी आयझॅक तिच्याबरोबर गेला, वाट दाखवायला म्हणून. पुढच्या फेब्रुवारीत तो छातीच्या दुखण्यानं गेला. दफनाला विनी काठी टेकत आली आणि शेवटच्या बाकावर बसली. थेल्मानं तिला पुढं बोलावून आपल्या शेजारी बसवलं.

माझं पोस्ट केव्हाच बंद झालं. दुकान मुलीनं घेतलं. कर्स्टीचा तक्ता फोनवरूनच जातो. विनी आता शहाऐंशीची आहे. चर्चजवळच्या बैठ्या घरात राहते. बुधवारी दुपारी मी तिच्याकडे पाव आणि अंडी घेऊन जाते आणि आम्ही खिडकीत बसून बाग बघतो. गेल्या बुधवारी भर दुपारी, स्वच्छ उन्हात, एक हेजहॉग हिरवळीवर धडपडताना दिसला. काट्यांचं ते जनावर दिवसा बाहेर पडलं म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं. विनीनं मला उठवलं, जाड हातमोजे कुठं आहेत ते सांगितलं, आणि खोक्यात जुना टॉवेल घालून ते मला कर्स्टीकडे पोचवायला लावलं. वाटेत त्यानं टॉवेल घाण केला आणि हातमोज्यातूनही मला टोचलं. शनिवारी कर्स्टीचा फोन आला. पोटात जंत होते, औषध दिलंय, खायला लागलाय. सहाशे ग्रॅमचा झाला की आणून सोडते म्हणाली. विनीनं विचारायला सांगितलं होतं, म्हणून मी विचारलं, सध्या किती आहे? चारशे दहा.